किती तारा टाकू भाऊ?

परवा रात्री साडेअकराला फोन. हरभऱ्याचं पाणी चालू आहे सगळ्यांचं, लाईन या आठवड्यात रात्रीची, त्यामुळं अशा टायमाला फोन वाजला की आमच्या घरी झोपेतूनच आवाज येतो, "घ्या, कोणाचा तरी फ्यूज गेला." आणि खरंच तेच होतं. नाल्यापलीकडच्या वावरातले काका होते, मागं कुत्रं भुंकून राह्यलं होतं आणि काकांचं पहिलंच वाक्य, "भाऊ, तीन खेपा उडला फ्यूज. दोन तारा टाकल्या होत्या. आता किती टाकू?"

हे "किती तारा टाकू" मी वर्षभर ऐकत राहतो. आयटीआयला वायरमन ट्रेड करून वीसेक वर्षं झाली, नोकरी काही लागली नाही, घरचं वावर आणि गावातल्या मोटरी, वायरिंग असं चालू आहे आपलं. पण कोणी असं विचारत नाही की भाऊ, वायर इतकी आहे, मोटर इतक्याची आहे, मग फ्यूज केवढा पाहिजे. फक्त किती तारा. चहात साखर किती टाकू विचारतात तसं. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून झोपता येईल.

आधी या "तारा" काय भानगड आहे ते. फ्यूज तारेचं रीळ असलेलं घर मी आमच्या गावात दोन-चारच पाहिलेत. बाकी सगळीकडं काय असते तर जुन्या टेबल फॅनच्या नाहीतर इस्त्रीच्या वायरीचा हातभर तुकडा मेन स्विचजवळ खिळ्याला अडकवलेला, लागेल तशी त्यातून बारीक तार ओढायची आणि किटकॅटात, म्हणजे फ्यूजची तार धरणाऱ्या त्या चिनीमातीच्या तुकड्यात, बांधायची. या वायरीला जुने लोक चौदा-शहात्तर, तेवीस-शहात्तर, चाळीस-शहात्तर म्हणतात. पहिला आकडा म्हणजे आत बारीक तारा किती, आणि शहात्तर म्हणजे एका तारेची जाडी, ०.००७६ इंच, म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटर. आता गंमत पाहा, दुकानात ५ अँपिअरची म्हणून जी कलई केलेली तांब्याची फ्यूज तार मिळते ती ०.२० मिमीची असते. म्हणजे आपल्या आज्यानं "लाईटाले एक तार" हे जे ठरवून ठेवलं होतं ते काही अडाण्यासारखं नव्हतं, एक तार म्हणजे जवळपास ५ चाच फ्यूज.

गडबड त्याच्या पुढं होते. दोन तारा म्हणजे १०, तीन म्हणजे १५, असा पाढा लोक म्हणतात, पण पीळ दिलेल्या तारा एकमेकीला चिकटून गरम होतात, त्यामुळं तीन तारांचं बळ तिप्पट होत नाही. वरून ओढताना एखादी अर्धी तुटलेली असते, एखादी स्क्रूखाली चेपून निम्मी होते, म्हणून आज तीन टिकल्या आणि उद्या त्याच तीन उडल्या असं होत राहते आणि मग माणूस वैतागून पाच टाकते. रिळाची तार घ्या ना बाप्पा, काही फार महाग नाही. ५ ला ०.२० मिमी, १० ला ०.३५, १५ ला ०.५०, २० ला ०.६०, ३० ला ०.८५. एकच तार, एकच वेढा, स्क्रू कसायचा पण तार कापली जाईल इतका नाही.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला आयटीआय होईपर्यंत माहीत नव्हती. १५ ची तार १५ ला उडत नाही. इंग्लंडच्या पोस्ट ऑफिसात विल्यम प्रीस नावाचा इंजिनिअर होता, त्यानं १८८० च्या दशकात तारा जाळून जाळून हिशोब बसवला की तार वितळायला लागणारा करंट हा तिच्या जाडीच्या दीड घाताप्रमाणं वाढते. तांब्याला मिलिमीटरमधल्या जाडीचा दीड घात काढा आणि ८० नं गुणा. ०.५० मिमीचं उत्तर येते २८ अँपिअर. म्हणजे किटकॅटात १५ ची तार आहे आणि तुम्ही २० अँपिअर ओढून राह्यले, तरी ती तास न् तास तशीच बसून राहील. किटकॅटचा फ्यूज नावावर जेवढा लिहिला त्याच्या जवळपास दुपटीला उडते. हे डोक्यात ठेवा, पुढं कामाचं आहे.

आता आमच्या घरचं सांगतो. हे मी गावात फार कोणाला सांगत नाही, पण इथं लिहायला काय जाते.

मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या साली कापसाला भाव नव्हता म्हणून बाबांनी कापूस घरातच भरून ठेवला होता, पुढची खोली पार पाटईपर्यंत पांढरी, आम्ही पोट्टे त्याच्यावरच झोपायचो. आईनं त्याच हिवाळ्यात घरघंटी घेतली होती, १ एचपीची, कारण गावातल्या चक्कीवर लाईन आली की ही गर्दी. घरातली वायरिंग होती सागाच्या पट्टीवरची, अॅल्युमिनियमची, १.५ स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर), बाबांच्या लग्नाच्या आधीची. मेन स्विचात एक तार. घरघंटीचं बटण दाबलं की फ्यूज गेलाच समजा. दोन तारा टाकल्या तर कधी टिकायचा, कधी जायचा. आई म्हणे, "एवढे पैसे भरून राह्यलो तुया शिक्षणाले, अन् घरचा फ्यूज नाही टिकवता येत?" मग काय, मी पूर्ण चौदा-शहात्तरची वायर सोलून चौदाच्या चौदा तारा पिळून किटकॅटात बांधल्या. आणि आईला दाखवलं पण, हे पाहा, आता उडला तर सांगजो.

नाही उडला. पंधरा-वीस दिवस छान चाललं. मग एका संध्याकाळी, व्होल्टेज इतकं कमी की बल्बची तार लाल दिसून राह्यली होती, आईनं ज्वारी टाकून घरघंटी सुरू केली. मोटर फिरलीच नाही, नुसती हुंकारत राह्यली. आईला वाटलं खडा अडकला, ती मला बोलवायला पारावर आली. येताना शेजारीण भेटली तिच्याशी दोन शब्द, मग माझं "आलो आलो", म्हणजे दहाएक मिनिटं ती मोटर तशीच अडून राह्यली बटण चालू ठेवून. अडलेली मोटर फिरत्या मोटरीपेक्षा कैक पट करंट ओढते. १ एचपीची चालताना सहा-सात अँपिअर घेते, अडली तर कमी व्होल्टेजमध्येसुद्धा वीस-बावीस. आणि आमची ती अॅल्युमिनियमची वायर फार फार तर १० ची. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, दुप्पट नाही. वायरीवरचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतच काम करायला बनवलेलं असते, त्याच्यापुढं ते मऊ पडते, मग गळते.

आम्ही दारात पोचलो तं रबर जळल्यासारखा वास. पट्टीवरून काळे काळे थेंब खाली पडून राह्यले होते, थेट कापसावर. जाळ कुठंच नाही. ज्यानं कापूस पेटलेला पाहिला त्यालाच हे कळेल, तो भडकत नाही, आतून पोखरत जाते. वरून पांढराशुभ्र ढीग, हात घातला तर आत चटका. पाणी टाकलं तर वरचं ओलं आणि आत चालूच. अर्धी आळी आली, गाठोडी बांधून बांधून आंगणात काढला सगळा, रात्रभर उलथापालथ केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका ढिगातून पुन्हा धूर. चार-साडेचार क्विंटल गेला, आणि जो राह्यला त्याला धुराचा वास, व्यापाऱ्यानं भाव पाडूनच घेतला.

बाबा काही बोलले नाही मला. सकाळी मेन स्विच उघडून किटकॅट काढला, उन्हात धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला. फ्यूज शाबूत. चौदाच्या चौदा तारा जशाच्या तशा. त्या जुडीला वितळायला पन्नासेक अँपिअर लागले असते. बावीस अँपिअरमध्ये आमचं घर जळालं असतं आणि फ्यूज राखेत चकचकीत सापडला असता.

तर फ्यूज कशाच्या हिशोबानं टाकायचा, तर वायरीच्या. मशीनच्या नाही, लोडच्या नाही, आणि "टिकला पाहिजे" याच्या तर बिलकुलच नाही. मशीन जेवढं घेते त्याच्यापेक्षा फ्यूज थोडा मोठा पाहिजे, नाहीतर चालणारच नाही, पण मागची वायर जेवढं पेलते त्याच्यापेक्षा तो लहानच पाहिजे. या दोघांच्या मधात जागा नसेल तर वायर बदलावी लागते, फ्यूज नाही. आमच्या केसमध्ये बरोबर काम काय होतं, तर घरघंटीला मेन स्विचपासून २.५ स्क्वेअरची तांब्याची वेगळी लाईन ओढणं. तीन-चारशे रुपयाचं काम होतं तवा.

आणि किटकॅट असेल तर वर सांगितलं ते दुपटीचं धरून चालावं लागते. नियमातला आकडा आहे ०.७२५, म्हणजे वायरीची ताकद गुणिले ०.७२५, त्याच्यावर किटकॅटातली तार जाऊ नये. २० अँपिअर पेलणारी वायर असेल तर साडेचौदा. म्हणजे १५ ची तार अगदी काठावर, २० ची नाहीच नाही. लोक म्हणतात वायर २० ची आहे ना मग फ्यूज २० चा, पण किटकॅटातली २० ची तार ३७ अँपिअरपर्यंत दम धरते, तोवर वायरीचं भजं झालेलं असते.

लोड काढणं सोपं आहे, वॅटला २३० नं भागा. इस्त्री १००० वॅट, ४ च्या वर थोडं. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा, साडेसहा. गिझर २००० वॅट, पावणेनऊ. कूलर एकाच्या आतबाहेर, टीव्ही-पंखा-लाईट तर हिशोबातच नाही. म्हणून लाईट-पंख्याच्या लाईनीला ५ ची तार बास आहे आणि रॉड त्या लाईनीच्या प्लगमध्ये खुपसायचाच नाही. रॉडला, गिझरला मोठा १६ चा सॉकेट आणि २.५ स्क्वेअरची वायर. आता एलईडी आल्यापासून तर लाईटाच्या लाईनीवर काहीच लोड नाही राह्यला, त्यावर फ्यूज उडत असेल तर वायरीतच कुठंतरी काही आहे, एवढं पक्कं समजा.

विदर्भात एक जास्तीचं लफडं आहे ते म्हणजे ऊन. वायरीच्या तक्त्यात जे अँपिअर लिहिले असतात ते काही आपल्या मे महिन्याचे नसतात. ३० डिग्रीला जी वायर २० पेलते, तीच ५० डिग्रीला १४ च पेलते. आणि टिनाच्या खाली, पाटईवर, दुपारी दोनला ५० सहज होते, बाहेरच ४५-४६ असते तर आत काय. म्हणून टिनाखालून वायर न्यायची असेल तर मी एक साईज जास्त जाड वायर नेतो, आणि लोक म्हणतात हा पोट्टा खर्च वाढवून राह्यला.

बरं, लोखंडाच्या तारेबद्दल. सेंट्रिंगवाले सळई बांधायला वापरतात ती बारीक तार किटकॅटात बांधलेली मी किती ठिकाणी पाहिली मोजदाद नाही. ती काही फार मोठ्या करंटला वितळते असं नाही, ०.९ मिमीची विसेक अँपिअरलाच जाईल. पण लोखंड वितळते १५३८ डिग्रीला आणि तांबं १०८५ ला. म्हणजे ती तार तुटायच्या आधी लालबुंद होऊन बसते, शेगडीच्या कॉइलसारखी, लाकडी बोर्डावर, आणि बोर्डाखाली कोणी कडबा, कोणी बारदाना ठेवलेला.

आता मोटर. इथं मात्र मी जरा उलटं बोलणार आहे.

काकांची मोटर ५ एचपी, तीन फेज. चालताना साडेसात अँपिअर, एचपीला दीड हा आपला अंदाजपंचे हिशोब मोटरीत बरोबर बसते. पण सुरू होताना दोन-तीन सेकंद ती सहा-सातपट ओढते, म्हणजे ४५-५०. त्यामुळं तिथं दोन तारा टाकल्या तर बटण दाबल्या दाबल्या जाणारच, त्यात मोटरीचा काही दोष नाही. १५ ची तार टाकली तरी कधी टिकेल, कधी जाईल, व्होल्टेज कमी असलं आणि मोटर उचलायला वेळ लागला की जाईल. म्हणून ५ एचपीला २० ची, ०.६० मिमीची तार. म्हणजे चालत्या करंटच्या अडीचपटीच्या वर. मग कोणी म्हणेल की मोटर १२-१३ अँपिअर घेऊन जळून राह्यली तर २० चा फ्यूज काय करेल? काहीच नाही करणार. त्याचं ते कामच नाही. मोटर वाचवायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं, त्याची खुंटी मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरला लावायची असते. फ्यूज आहे तो केबलीत शॉर्ट झालं तर उडायला. आपल्याकडं उलटं चालते, रिले सारखी पडते म्हणून खुंटी पार शेवटाला फिरवून ठेवतात आणि फ्यूजवर भरवसा ठेवतात. आणि मोटर जळली की रिवायंडिंगवाल्याच्या नावानं बोंबलतात की तांबं हलकं भरलं.

तीन फेजमध्ये अजून एक आहे. तिन्ही किटकॅटात एकाच रिळाची एकाच जाडीची तार पाहिजे. एकात बारीक, दोघांत जाड असेल तर दरवेळी बारीकवाला एकटाच उडते, आणि एक फेज गेली म्हणून मोटर बंद पडत नाही, फिरत असेल तर दोनवरच रेटत राहते. उरलेल्या दोन फेजांवर करंट पावणेदोनपट चढते. साडेसातचे तेरा. फ्यूज तेराला हलत नाही, रिले बाद करून ठेवलेली, सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारा डबा, कोणीतरी आधीच काढून टाकलेला कारण त्याच्यानं ऑटो, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच, चालत नव्हतं. मालक गावात गाढ झोपलेला आणि वावरात मोटर भाजून राह्यली. मी उघडलेल्या जळक्या मोटरींमधल्या निम्म्या तरी अशाच गेलेल्या, कॉइलचे दोन पट्टे काळे, एक पट्टा नवाकोरा, पाहिलं की लगेच कळते.

उडालेली तारसुद्धा बोलते, फक्त किटकॅट फेकायच्या आधी उजेडात पाहायचा. तार मधातच वितळून तुटली, टोकाला बारीक गोळ्या आल्या, चिनीमाती स्वच्छ, तर ओव्हरलोड. तार गायबच झाली आणि चिनीमातीवर काळं-चंदेरी शिंतडलं, तर शॉर्ट, अशा वेळी नवी तार टाकून पुन्हा बटण दाबणं म्हणजे बह्याडपणा, आधी केबल पाहा, उंदरानं खाल्ली असेल. आणि तार स्क्रूपाशी तुटली, तिथला पत्रा निळसर-काळा, तर संपर्क ढिला. या तिसऱ्यात लोक फार फसतात, कारण लोड बरोबर, वायर बरोबर, फ्यूज बरोबर आणि तरी उडते, मग जाड तार टाकतात आणि तो ढिला जॉइंट आता निवांत तापत बसते. ढिला जॉइंट फ्यूजला कळत नाही, कितीही बरोबर साईजचा टाका. अॅल्युमिनियमच्या वायरीत तर हे हमखास, स्क्रूखाली ती हळूहळू दबत जाते आणि ढिली पडते, वर्षातून एकदा मेन बंद करून सगळे स्क्रू कसायचे.

जुन्या घरांत मेन स्विचात दोन किटकॅट असतात, एक फेजचा, एक न्यूट्रलचा. न्यूट्रलमध्ये फ्यूज टाकायचा नाही. तिथं जाड तांब्याची तार सरळ जोडून द्यायची. हे ऐकून लोक माझ्याकडं पाहतात की आत्तापर्यंत तर जाड तार टाकू नका म्हणत होता. पण न्यूट्रलचा फ्यूज उडला तर घरातले लाईट जातात, माणसाला वाटते लाईन गेली, आणि फेज तर सगळीकडं जिवंतच असते. होल्डर खोलायला स्टुलावर चढला की बसला झटका.

डीपीबद्दल, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, एकच परिच्छेद लिहितो. ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण ताकद म्हणजे एका फेजला ८४ अँपिअर. आणि तिथं बांधलेली काय असते, तर लाईनच्या कंडक्टरची एक लड, अडीच मिमीच्या वर जाडी, प्रीसच्या हिशोबानं अडीचशे अँपिअरला वितळेल अशी. मग डीपी जळते आणि ऐन ओलिताच्या टायमाला अख्खा शिवार दुसरी यायची वाट पाहत बसते. कोणी बांधली विचारलं तर सगळे एकमेकांकडं पाहतात. पण म्हणून तुम्ही जाऊन ती बदलू नका. डीपीच्या पेटीला हात लावायचा नाही, लाईनमनला बोलवा, तो उशिरा येते हे मला माहीत आहे, तरी बोलवा. वर ११ हजार व्होल्ट असतात आणि रात्री ओल्या पायानं तिथं गेलेली माणसं परत आली नाहीत अशी उदाहरणं प्रत्येक गावात आहेत.

एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, लावा असं आता सगळेच म्हणतात आणि मीही म्हणतो, पण तिथंही लोक साईजच्या बाबतीत तेच करतात. १६ चा पडते म्हणून ३२ चा आणतात. एमसीबी किटकॅटपेक्षा हुशार आहे, लिहिलेल्या आकड्याच्या १.४५ पटीला तासाभराच्या आत पडतेच, म्हणून तिथं ०.७२५ ची भानगड नाही, वायरीच्या ताकदीइतका चालते. फक्त अक्षर पाहून घ्या. बी असेल तर ३ ते ५ पटीला लगेच पडते, सी असेल तर ५ ते १० पटीला. घरघंटी, छोटी मोटर, फ्रीज असं सुरू होताना झटका घेणारं असेल तर सी घ्यायचा. बी लावून "एमसीबी खराब निघाला" म्हणत दुकानदाराशी भांडू नका. आणि पंपाच्या खोपटात पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी पेटीत लावला असेल तर मे महिन्यात दुपारी तो उगाच पडेल, कारण तो ३० डिग्रीला सेट केलेला असते. पेटी सावलीत घ्या, एमसीबी वाढवू नका.

आणि फ्यूज असो की एमसीबी, तो माणसाला वाचवत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात येते, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून अमुक जण गेला. घरी सगळे म्हणतात फ्यूज कसा नाही उडला? कसा उडेल? ५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर, त्याला उडायला तर त्याच्याहून जास्त लागते, आणि माणसाचं काळीज थांबायला ५०-१०० मिलिअँपिअरही पुरतात. त्याच्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईन तोडणारा स्विच, वेगळा लागते, आणि चांगली अर्थिंग. कूलरच्या लाईनीवर एवढा खर्च कराच. कूलर पाच हजाराचा घेता ना.

तर काका. त्या रात्री मी फोनवर एवढंच विचारलं, "तिन्ही उडतात का एकच?"

"मधलाच जाते भाऊ. बाजूच्या दोघायले काही होत नाही. त्यायच्यात जुनी जाडी तारच हाय, तीन वर्षं झाले."

"मग आता बटण दाबू नका काका. झोपा. सकाळी येतो."

"अन् हरभरा?"

"हरभरा नाही मरत एका रात्रीनं. मोटर मरते."

सकाळी गेलो, मेन बंद केला, टेस्टर लावून पाहिलं. मधल्या किटकॅटचा पत्रा जळून काळानिळा झालेला, स्प्रिंगसारखी पकडच उरली नव्हती, चिनीमाती भाजलेल्या वांग्यासारखी. त्या गर्मीनंच पहिली तार स्क्रूपाशी तुटली होती, आणि त्याच्यानंतर काकांनी दोन तारा टाकून तीनदा बटण दाबलं, तीनदा मोटर हुंकारली, तीनदा त्यांनी धावत जाऊन स्टार्टर पाडला. नशीब मोटरीपाशीच उभे होते. किटकॅट नवा लावला, तिन्हींत ०.६० ची तार एकाच रिळातून, रिलेची खुंटी साडेसातावर, आणि लाईन आल्यावर टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती लावून करंट मोजायचा चिमटा, लावून पाहिलं, सात, सात पॉइंट दोन, सात. काकू चहा घेऊन आल्या.

निघताना काका ते रीळ हातात घेऊन उभे. "भाऊ, उरलेली तार घरी नेतो ना मंग. घरच्या मेनात पण हेच टाकून देतो, कटकटच मिटली."

मी गाडीवरून परत उतरलो, डिकीतली चिकटपट्टी काढली, रिळाला गुंडाळली आणि पेनानं लिहून दिलं, "फक्त मोटर. घरी नाही."